खालच्या दोन ओळी

लालासाहेब निकमांच्या घरात मनातली गोष्ट हुकली आणि तिच्या जागी दुसरंच काही पदरात पडलं, की 'गाडी मिळाली' म्हणायची रीत होती. हिरवं लुगडं संपलं म्हणून त्यांच्या पत्नी चंद्राबाईंनी बाजारातून जांभळं आणलं, गाडी मिळाली. पाहुण्यांनी मटण संपवलं आणि घरच्यांच्या ताटात रस्सा आला, गाडी मिळाली. कोरेगावकडच्या त्या गावात हे बोलणं त्या एका उंबऱ्याच्या आत चाले. बाहेर कुणाला त्याचा अर्थ लागत नसे.

त्याचं मूळ बेचाळीस सालात होतं. अठरा वर्षांचे लालासाहेब साताऱ्याला भरतीला गेले, तेव्हा कागद भरणाऱ्या बाबूनं विचारलं, कुठलं काम पाहिजे? ते म्हणाले, दवाखान्यातलं. जखमा बांधायचं. बाबू म्हणाला, आणखी एक सांगून ठेव, इथं दोन ओळी आहेत. लालासाहेबांनी फारसा विचार न करता मोटार सांगितली. मोटारच मिळाली. पुढं बावीस वर्षं त्यांनी पलटणीची ॲम्ब्युलन्स चालवली. जखमी माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत न्यायचा, तो आत गेला की गाडी वळवायची. हवालदार होऊन घरी आले तेव्हा त्यांची एक खात्री झाली होती. दुसरी ओळ भरली, की साहेब लोक पहिली वाचतच नाहीत.

त्यांची मुलगी अंजना मिरजेला शिकून डॉक्टर झाली. शहात्तर साली तिनं सांगलीच्या एका मोठ्या रुग्णालयात हाऊसमनच्या, म्हणजे निवासी डॉक्टरच्या, जागेसाठी अर्ज केला. ती जागा मिळाल्याशिवाय पुढं एम. एस.ला बसता येत नव्हतं आणि अंजनाला सर्जन व्हायचं होतं. अर्जावर पसंतीचे विषय लिहायला तीन ओळी होत्या. ती सुट्टीला घरी आलेली असताना कंदिलाजवळ अर्ज भरायला बसली, तेव्हा लालासाहेब शेजारी येऊन बसले.

"पैल्या वळीत लिवलं न्हवं?"

"लिवलं."

"मग आता खाली रेघ मार. काय लिवू नगंस."

"आबा, तुमची भरती येगळी. इथं मार्कांवर देत्यात."

"देणारा मानूसच असतोय न्हवं?" लालासाहेब म्हणाले. "तू दुसरं लिवलंस, की त्यो म्हननार, हिला काय बी चालतंय."

अंजनाला हे पटलं नव्हतं. पण पटलं नाही असंही तिनं म्हटलं नाही, कारण आतून तिलाही सर्जरीखेरीज काही लिहायचं नव्हतं आणि कुणीतरी तेच सांगतंय हे बरं वाटत होतं. तिनं पट्टी घेतली आणि खालच्या दोन्ही ओळींवर सरळ रेघ ओढली.

यादी लागली तेव्हा गुणांमध्ये ती नववी होती. सर्जरीच्या चार जागा सातव्या नंबरापर्यंत संपल्या होत्या. भूल देण्याच्या विभागातली जागा बाराव्याला मिळाली, स्त्रीरोगाची चौदाव्याला. नवव्या नंबराचं नाव कुठंच नव्हतं. तिनं घरी कार्ड टाकलं: गुण कमी पडले, आरोग्य केंद्रात नोकरी धरते. कार्डावर याहून जास्त मावलं असतं. पुढचे दोन महिने ती घरी गेली नाही.

नोकरी लोणंदजवळच्या एका केंद्रात होती. ते नसबंदीच्या शिबिरांचं वर्ष होतं. ट्रकमधून माणसं येत, रांगेत बसत, बादलीतला चहा पीत, आणि अंजना सकाळपासून टाके घाली. हात तयार झाला, एवढं खरं. महिन्यातून एखादा रविवार ती घरी जाई. लालासाहेब केंद्रातल्या जीपची चौकशी करत, टायर कसे आहेत विचारत. अर्जाचा विषय ते काढत नसत. ती तर नाहीच. चंद्राबाई एकदा म्हणाल्या, "दोघं बी तोंडात पानी धरून बसल्यागत बसताय." त्यावर दोघंही हसले आणि जेवायला उठले.

डिसेंबरात लालासाहेबांच्या छातीत कळ आली. त्यांचे मित्र हंबीरराव, पलटणीतलेच, त्यांनी आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोणपाटं अंथरून त्यांना साताऱ्याला न्यायला काढलं. वाटेत लालासाहेब पडल्या पडल्या सूचना देत होते. दुसऱ्यात घे. खड्ड्यात ब्रेक मारू नगंस, आधी मार. माहुलीच्या पुलावर त्यांचं बोलणं थांबलं. हंबीररावांना वाटलं, आता आपण बरं चालवतोय म्हणून गप्प बसला. अंजना त्या वेळी शिबिरात होती. निरोप आला तेव्हा चार माणसं रांगेत उरली होती. ती चौघं संपवून मग ती निघाली, कारण पुढची एस.टी. तोवर नव्हतीच.

सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये तिनं पुन्हा अर्ज आणला. त्या रुग्णालयाचा नियम दोनदाच अर्ज करता येण्याचा होता. यंदा नाव लागलं नाही, तर आरोग्य केंद्र हेच कायमचं. केंद्रातल्या टेबलावर बसून तिनं सगळा अर्ज भरला, पहिल्या ओळीत सर्जरी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. खालच्या ओळी भरायला हव्यात हे कळायला डॉक्टर असण्याचीही गरज नव्हती. पण त्या भरणं म्हणजे आबा चुकले असं शाईनं लिहून देणं, आणि ते तर समोर नव्हते उलट बोलायला. तीन दिवस अर्ज तसाच ड्रॉवरमध्ये पडून राहिला. शेवटच्या तारखेला पिशवीत घालून ती सांगलीला निघाली. तिथं गेल्यावर बघू, असं तिनं ठरवलं होतं. म्हणजे काहीच ठरवलं नव्हतं.

रुग्णालयाच्या कचेरीत अर्ज घ्यायला विष्णुपंत म्हणून हेडक्लार्क होते. निवृत्तीला आलेले, काळी टोपी, कानावर पेन्सिल. त्यांनी अर्ज उलटसुलट केला आणि नावावर थांबले.

"अंजना लालासाहेब निकम. गेल्या वर्षी रेघ मारणाऱ्या तुम्हीच ना?"

"हो."

"यंदा रेघ नाही, नुसतं कोरं. प्रगती आहे." ते हसले नाहीत. "बाई, तुमचे वडील यावेळी नाही आले?"

"माझे वडील इथं कधी आले नव्हते."

"आले होते की. गेल्या ऑगस्टात. खाकी कोट, मिशा, हातात पिशवी." विष्णुपंतांनी भिंतीकडच्या बाकाकडं हनुवटी केली. "त्या बाकावर बसले दोन तास. गुण कसे कमी पडले, ते दाखवा म्हणाले. मी यादी दाखवली. बारावा, चौदावा, सगळं बोट ठेवून बघितलं. मग मी तुमचा अर्ज काढला. म्हटलं, गुणांचं काही नाही हो, ह्या रेघा बघा."

अंजनानं बाकाकडं पाहिलं. त्यावर आता एक बाई मूल घेऊन बसली होती.

"मग काय म्हणाले?"

"मग म्हणाले, 'सायेब, ह्या रेघा माज्या हाईत. मी पोरीला मारायला लावल्या. आता मी भरून देतो की खालच्या दोन वळी.' मी म्हटलं, अहो, यादी लागून गेली. तर म्हणाले, 'मग तसं लिवा कुटंतरी. चूक बापाची हाय म्हनून लिवा.'" विष्णुपंतांनी पेन्सिल कानावरून काढली आणि परत ठेवली. "असं लिहायला रकाना नसतो, बाई. मी तरी काय करणार. जाताना म्हणाले, 'पोरीला सांगू नका मी आलेलो. ती मला बोलली न्हाई, तर तिला वाटू द्या मला म्हायती न्हाई.' आता वर्ष होत आलं, म्हणून बोललो. बरे आहेत ना?"

"डिसेंबरात गेले."

विष्णुपंतांनी टोपी जराशी पुढं ओढली. मागं अर्ज घेऊन उभ्या असलेल्या मुलाला त्यांनी हातानं थांब म्हटलं.

गेल्या ऑगस्टात लालासाहेब एकदा माधवनगरला गेले होते. गिरणीत असलेल्या पाहुण्याला भेटून येतो, असं घरी सांगून पहाटेच्या पॅसेंजरनं गेले आणि येताना दोन पंचे घेऊन आले. त्यातला एक अंजनाच्या पिशवीत होता. वर्षभर ती त्याला हात पुसत होती. माधवनगर सांगलीच्या इतकं जवळ आहे, हे तिला ठाऊक होतं. तिच्या डोक्यात ते आलं नव्हतं, इतकंच.

"शाई आहे का?" तिनं विचारलं. "माझं पेन जरा अडकतंय."

विष्णुपंतांनी आपलं पेन दिलं. तिनं दुसऱ्या ओळीत भूल देण्याचा विभाग लिहिला, तिसऱ्यात स्त्रीरोग. अक्षर जरा वाकडं आलं, कारण खिडकीची फळी तिरकी होती. विष्णुपंतांनी शिक्का मारला, पावती फाडली आणि अगदी हळू म्हणाले, "आता ठीक."

मुलाखत जुलैत झाली. टेबलाच्या पलीकडं चौघं होते. शिबिरांचं आता कुणी नाव काढत नव्हतं. मार्चनंतर ती बंदच पडली होती. मधल्या खुर्चीतल्या वयस्कर सर्जननी दोन्ही वर्षांचे अर्ज शेजारी शेजारी ठेवले होते.

"गेल्या वर्षी तुम्हांला सर्जरीशिवाय काही नको होतं. बाकीच्या ओळी खोडल्यात. यंदा तिन्ही चालतात. एका वर्षात इच्छा पातळ झाली म्हणायची का?"

"नाही सर. गेल्या वर्षी मी वडिलांचं ऐकलं होतं."

"आणि यंदा ऐकलं नाही."

"यंदाही ऐकलंच आहे."

सर्जननी चष्म्यावरून पाहिलं. शेजारच्या डॉक्टरांनी विचारलं, पेशंटला भूल दिल्यावर पहिल्यांदा काय बघाल? तिनं उत्तर दिलं. मग त्यांनी आणखी सहा प्रश्न विचारले, आणि सगळे भुलीचेच विचारले.

आठवड्यानं यादी लागली. सर्जरीच्या जागा तिच्या वरच्या माणसापाशी संपल्या, एका नंबरानं. तिचं नाव भुलीच्या विभागासमोर होतं. जागा हवी असेल तर संध्याकाळी पाचपर्यंत सही करायची, नाहीतर ती खालच्याला जाणार, असं पाटीवर लिहिलं होतं. अंजना साडेबारापासून पावणेपाचपर्यंत त्याच बाकावर बसली. मध्ये एकदा उठून तिनं यादी पुन्हा वाचली, वरच्या माणसाचं नाव निदान चुकीचं लिहिलंय का ते बघायला. ते बरोबर होतं. पावणेपाचला तिनं सही केली.

घरी पोचली तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार होती. चंद्राबाई ओट्यावर सूप घेऊन घेवड्याचं बी निवडत होत्या. हंबीरराव खांबाला टेकून बसले होते. ते आता रोजच येऊन बसत. चंद्राबाईंनी त्यांच्यासाठी चहा ठेवला की दोन कप मांडायची सवय अजून गेली नव्हती. दुसरा कप त्या स्वतः पीत.

"झालं का न्हाई?" हंबीररावांनी विचारलं.

"झालं, तात्या. सई करून आले."

"लागला म्हना वशिला."

"वशिला न्हाई. नंबर लागला."

चंद्राबाईंनी सुपातून मान वर केली नाही. "कितव्या वळीतलं मिळालं?"

आईला ओळींचं एवढं ठाऊक असेल, असं अंजनाला वाटलं नव्हतं. "दुसऱ्या," ती म्हणाली.

चंद्राबाईंनी एक किडका दाणा उचलून अंगणात टाकला. कोंबडी धावली.

"म्हंजी गाडीच मिळाली म्हन की."

हंबीरराव हसायला लागले. ट्रॅक्टरच्या त्या फेरीनंतर या घरात त्यांना गाडीचा अर्थ कधीतरी कुणीतरी सांगितला असावा. मग ते एकदम थांबले आणि मिशीवरून हात फिरवत बसले. चंद्राबाईच हसत होत्या, तोंडाला पदर लावून, बराच वेळ. अंजनाही हसली. सूप हललं आणि निवडलेलं बी न निवडलेल्यात मिसळलं.

"आता बस, निवडू लाग," चंद्राबाई म्हणाल्या.

अंजनानं न्हाणीत जाऊन हात धुतले, पिशवीतला पंचा काढून पुसले, आणि तो दांडीवर टाकला. दुसरा पंचा तिथं आधीच वाळत होता. सांगलीला जायची पेटी भरायची होती. दोन्ही घ्यावेत का एक इथं ठेवावा, हे तिला ठरवता येईना.

"दोनी घिऊन जा," ओट्यावरून आई म्हणाली. "माधवनगरचं हाईत. लवकर इरत न्हाईत."

"म्हायती हाय," अंजना म्हणाली, आणि सुपापाशी येऊन बसली.