तानीच्या खाचराचा पंचनामा

मी एक जुनी शाईची डबी आहे. पत्र्याची, तळहाताएवढी; पोटात शाईने भिजलेली कापडी गादी. ज्यांना सही येत नसे, त्यांचे अंगठे माझ्यावर टेकत आणि मग कागदावर उमटत. मित्रांनो, वाणगावच्या बाजूला पुंडलिकभाऊ तलाठी होते. त्यांच्या पिशवीत माझं घर. नांगर धरणारा अंगठा कोणता, जाळं विणणारा कोणता, हे मी स्पर्शाने सांगत असे. "डबीशिवाय माझं पान हलत नाही," असं भाऊ म्हणाले की मी फुलून जाई.

साठ सालानंतरची गोष्ट. आश्विनात, भात पिवळा होत आला असताना, तीन दिवस वादळी पाऊस कोसळला. डोंगराखालच्या पाड्यावर तानी आणि जिवल्या या नवराबायकोचं एकच खाचर. सगळा भात आडवा झाला, चिखलात कुजला. पुढच्या वर्षाचं बियाणंही त्यातच गेलं. सरकारने नुकसानीची मदत जाहीर केली. ती मिळाली तर बियाणं येणार होतं. नाही तर दार बांधून दूर मिठागरावर मजुरीला जायचं होतं.

तानीच्या घरी भात म्हणजे कणसरी, धान्याची देवी. देवीला चिखलात कुजत कशी ठेवायची? दोघांनी काडी न् काडी वेचली, डोक्यावरून नेली, गाणं म्हणत नदीत सोडली. खाचर अंगणासारखं स्वच्छ झालं.

आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही पंचनाम्याला पोचलो.

"भात कुठाय रे?" भाऊंनी विचारलं.

"नदीत सोडला, भाऊसाहेब," जिवल्या म्हणाला.

"नदीत? कापून घरात भरलास, आणि मला नदी दाखवतोस?"

"घरात चला ना, बघा," तानी म्हणाली. "आमच्या घरातला उंदीरबी उपाशी हाय."

भाऊ हसले, पण घरात गेले नाहीत. "मला दिसलं ते मी लिहिलं. गाडी गाठायची आहे. लाव अंगठा."

सरकारी माणूस आपल्या पाड्यावर चालत आला, याचंच जिवल्याला केवढं अप्रूप! त्याने काही न विचारता अंगठा माझ्यावर दाबला. कागदावर होतं, 'पीक कापून नेले आहे. नुकसान नाही.' मला ते कळलं, पण तोंड कुठे होतं मला? नंतर स्टेशनच्या बाकावर आम्ही अर्धा तास गाडीची वाट पाहत बसलो.

कार्तिकात चावडीवर मदतीचं वाटप झालं. रांगेत तानीने आधीच अंगठा माझ्यात बुडवला. मागे उभी असलेली शेजारीण ठकी म्हणाली, "एवढा रंगवतेस काय गं, लगीन हाय का तुजं?" बाया हसल्या. तानीही हसली.

"तुमचं नाव नाही," भाऊ म्हणाले. "पीक कापून नेलंय. खाली जिवल्याचाच अंगठा आहे."

जिवल्या पुढे झाला. कागदावरच्या निळ्या ठशाकडे बघत राहिला. "माजाच हाय," तो हळूच म्हणाला. शाईचा अंगठा तसाच उंच धरून तानी चालत गेली.

पुढच्या आषाढात साऱ्या खाचरांत रोपं डुलली. तानीच्या खाचरात गवत होतं.

मित्रांनो, तुम्ही आता लिहायवाचायला शिकता आहात. उद्या कुणी अंगठा पुढे केला, तर आधी कागद मोठ्याने वाचून दाखवा. विचारा, "बाई, असंच झालं का?" ती नाही म्हणाली, तर लिहिलेलं खोडा. लिहिलेलं खोडता येतं. मिठागरावर गेलेली ती दोघं मात्र परत आली नाहीत.