अकराव्या माळेला

“झाकण असं लावावं, की आतला वाससुद्धा बाहेर येता कामा नये.”

हे वाक्य मामंजी साखरेच्या डब्याबद्दल म्हणत, औषधाच्या बाटलीबद्दल म्हणत, घरातल्या भांडणांबद्दलही म्हणत. आणि गाडीच्या पेट्रोलच्या टाकीबद्दल तर दर वेळी. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. तरी कुठलंही झाकण हातात घेतलं की सासरे मागे येऊन उभे राहतात आणि मी ते आणखी अर्धा आटा पिळते. आमच्या घरातल्या बरण्या उघडायला हल्ली शेजारच्यांना बोलवावं लागतं.

जाताना त्यांनी गाडी मुलाच्या नावावर केली आणि सासूबाईंना माझ्या. म्हणजे दवाखान्यात मला जवळ बोलावून म्हणाले, “हिला महिन्यातून एकदा थोरलीकडे नेत जा. बसमध्ये हिला उलट्या होतात. त्याला सांगून उपयोग नाही, त्याला गाडीतला फक्त हॉर्न कळतो.” मी होय म्हटलं. दिलेला शब्द पाळायचा हा माझा रोजच्या नेमांतला चौथा नेम. खोटं बोलायचं नाही हा तिसरा.

थोरली म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण, वय शहाऐंशी, अडीच तासांवरच्या गावी मुलाकडे असते. हल्ली तिला माणसं फक्त सकाळी ओळखू येतात. दहाच्या आत गेलं तर बहीण, दहानंतर गेलं तर कोण बाई तुम्ही. म्हणून आम्ही सातला निघायचो. आणि गेले चार महिने आम्ही नुसते निघतच होतो, पोचत नव्हतो.

गाडी एकतीस वर्षांची. रस्त्याला लागली की पाऊण तास लोण्यासारखी जायची. मग दोन उचक्या द्यायची, तिसरीला बंद. बाजारात जाताना कधी बंद पडली नाही, दवाखान्यात जाताना नाही, फक्त थोरलीकडे जाताना. सासूबाईंचं मत होतं की गाडीचं आणि थोरलीचं पूर्वीपासून पटत नाही.

बंद पडली की प्रत्येकाचा ठरलेला उपाय असे. आमचे हे बॉनेट उघडून विहिरीत पोहरा पडल्यासारखे आत बघत बसत. सासूबाई खाली उतरून गाडीला फैलावर घेत, “एकतीस वर्षं खाऊ-पिऊ घातलं त्याचे हे पांग फेडतेस?” असं, अगदी मामंजींना बोलत तशा सुरात. मी मागच्या सीटवर जप करी. माझं सकाळी पाच ते नऊ मौन असतं, त्यामुळे मला दुसरं काही करणं शक्यही नव्हतं. तीन माळा संपत आल्या की गाडी सुरू व्हायची. यांना वाटे आपण वायर हलवली म्हणून. सासूबाईंना वाटे आपण बोललो म्हणून. मी काही बोलत नसे, पण मनातून मला ठाऊक होतं कुणामुळे ते. नेम पाळणाऱ्या बाईला गर्व नसावा म्हणतात. नसावाच. पण गाडी खरंच सुरू व्हायची हो.

फक्त, सुरू झाली की दहा-बारा मैलांवर पुन्हा बंद. मग दहा वाजून जायचे आणि आम्ही परत फिरायचो. संध्याकाळी थोरलीच्या मुलाचा फोन, “ती सकाळी साडी नेसून बसली होती. तुम्ही निघालात ना?” सासूबाई फोन ठेवून स्वयंपाकघरात जात आणि भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासत.

गाडी मिस्त्रींकडे चार वेळा गेली. गल्लीत त्यांना कानसेन म्हणतात, कारण लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटतात. त्यांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचं फिल्टर बदललं, तासभर चालवून पाहिली. गाडी त्यांच्यासमोर अशी गुणी वागे की ते यांना म्हणाले, “गाडी उत्तम आहे. चालवणाऱ्याची तपासणी करून घ्या.”

त्या दिवशी हे घरी आले ते निर्णय घेऊनच. “शनिवारी साडेआठला भंगारवाला येतोय. बास झालं.”

सासूबाई म्हणाल्या, “आणि थोरली?”

“बस आहे ना, आई.”

“बस आहे. मी पण आहे. आमच्या दोघींचं काय होतं ते तू पाहिलंयस.”

“पिशवी घेऊन बस.”

सासूबाईंनी मग माझ्याकडे पाहिलं. काही म्हणाल्या नाहीत. बोलण्याच्या बाबतीत काटकसर हा त्यांचा स्वभाव नव्हे, म्हणून मला ते जास्त लागलं.

शुक्रवारी दुपारी मी चालत मिस्त्रींच्या गॅरेजवर गेले. मिस्त्री कुठल्यातरी टेम्पोखाली होते, फक्त पाय बाहेर. मी पायांशीच बोलले.

“मिस्त्री, आमची गाडी उद्या भंगारात जातेय.”

“वाईट झालं,” पाय म्हणाले. “चांगली होती. कधीही बंद पडते म्हणाले साहेब.”

“कधीही नाही. अकराव्या माळेला पडते.”

पाय हलायचे थांबले. “कितव्या?”

मी पिशवीतून माझी नेमांची वही काढली. तीत रोजचं मौन, रोजचा जप, कुठला नेम पाळला, कुठला मोडला ते असतं. गाडीत बसले की मी जपाला सुरुवात करते आणि किती माळा झाल्या ते उतरल्यावर लिहिते. माझी एक माळ चार मिनिटांची. चारही खेपांना वहीत तेच होतं: अकरावी चालू असताना गाडी थांबली.

“म्हणजे चाळीस ते चव्वेचाळीस मिनिटं,” पाय म्हणाले. “चारही वेळा?”

“चारही वेळा.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“मला कुणी विचारलं नाही. आणि घडलं तेव्हा माझं मौन होतं.”

टेम्पोखालून एक लांब श्वास ऐकू आला. “वहिनी, चार महिने मी भूत शोधतोय. तुमची गाडी लहरी नाही. तुमच्या घरात तिच्याइतकं वक्तशीर कुणी नसेल. बरं, माझ्याकडे तासभर चालली तेव्हा टाकीत पेट्रोल थोडंच होतं. गावाला जाताना?”

“काठोकाठ. आदल्या संध्याकाळी भरायची, मामंजींचा नियम आहे.”

पाय सावकाश म्हणाले, “आज टाकी भरा. उद्या घेऊन निघा. बंद पडली की बॉनेटला हात लावू नका. टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या.”

“काय ऐकू येईल?”

“ते मी सांगितलं तर तुम्हाला ऐकू येईलच. न सांगता ऐकून या.”

शनिवारी सकाळी साडेसहाला मी खुंटीवरची किल्ली उचलली. गाडी मला मामंजींनीच शिकवली होती, यांना न विचारता. निरोप ठेवला नाही. मौनात लिहिणं किंवा खुणा करणं मला पटत नाही. ते मागच्या दाराने बोलणं झालं.

माळ हातात घेऊन गाडी चालवता येत नाही, म्हणून जप मनात आणि मोजणी स्टिअरिंगवर बोटांच्या पेरांनी. रस्ता मोकळा होता. दहावी माळ संपली. अकरावी सुरू झाली. खरं सांगते, त्या अकराव्या माळेत माझं देवाकडे अजिबात लक्ष नव्हतं. मी उचकीची वाट बघत होते, आणि ती आली तेव्हा मला लाज वाटण्याइतका आनंद झाला.

गाडी कडेला घेतली. सवयीने ओठ हलायला लागले होते, ते दाबून धरले. उतरले, मागे गेले, झाकणाला दोन्ही हात घातले आणि पिळलं.

सूंऽऽऽ.

बुडता बुडता वर आलेल्या माणसाने श्वास घ्यावा तसा आवाज. टाकीने हवा आत ओढून घेतली, चांगली दोन-तीन सेकंद. मी गाडीत बसले, किल्ली फिरवली. पहिल्या फटक्याला सुरू. एकही माळ न करता! चार महिन्यांच्या माझ्या त्या तीन-तीन माळा एका क्षणात बिनकामाच्या ठरल्या. देवालाही हायसं वाटलं असेल. पेट्रोलचं काम त्याच्या गळ्यात मी उगाच मारलं होतं.

मग मी झाकण उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूला, मधोमध, एक बारीक भोक असावं अशी जागा होती. भोक नव्हतं. तिथे करडी लांबी होती, नळ गळल्यावर लावतात ती, बोटाने नीट दाबून गुळगुळीत केलेली. आणि कडेला बरणीच्या झाकणातली रबरी चकती.

त्या लांबीवर बोटाचा ठसा होता. मला माझं बोट त्यावर ठेवून पाहायचीही गरज नव्हती, पण ठेवलं. बसलं.

वहीत चार महिन्यांपूर्वीचं पान मी तिथेच उघडलं. माझ्याच अक्षरात होतं: “टाकीच्या झाकणाला भोक पडलेलं दिसलं, वास येत होता. बुजवलं. चकती घातली. मामंजींची आज्ञा पाळली.” शेजारी बरोबरची खूण.

पेट्रोल जितकं बाहेर जाईल तितकी हवा आत यायला हवी, त्यासाठी ते भोक कारखान्यातूनच आलं होतं. ते बुजल्यावर भरलेल्या टाकीचा पाऊण तासात दम कोंडत होता. मग आम्ही कडेला उभं राहून विहिरीत बघेपर्यंत, बोलणी देईपर्यंत, जप करेपर्यंत चकतीच्या फटीतून थोडी हवा आत शिरायची, बस्स. मी केसातला आकडा काढला आणि भोक कोरून साफ केलं. चकती काढली. पुरावा संपला.

परत येताना गाडी एकदाही अडखळली नाही. अडखळत होते मी. कारण कुणाला काय कळणार होतं? “भोकात कचरा अडकला होता” एवढं म्हटलं की मी घरातली हुशार बाई ठरणार होते. आणि लांबी वाळल्यावर कचराच नाही का? तिसऱ्या नेमाला मी अशी वेगवेगळ्या बाजूंनी ढुशा मारत घरी पोचले, सव्वाआठला.

दारात हे, सासूबाई. “कुठे गेली होतीस? आई म्हणाली गाडी घेऊन पळाली असेल.”

“मी म्हटलं, पळाली तर चव्वेचाळीस मिनिटांवर सापडेल,” सासूबाई म्हणाल्या. म्हणजे माझ्या वहीतल्या माळा त्या मोजतात.

साडेआठच्या ठोक्याला भंगारवाला आला. मी किल्ली मुठीत धरली आणि गाडीच्या दाराला टेकून उभी राहिले.

“किल्ली दे,” हे म्हणाले.

मी दिली नाही.

“अगं, काय झालं ते बोल तरी!”

“ती नऊच्या आधी बोलत नाही,” सासूबाईंनी भंगारवाल्याला समजावलं.

“आजारी आहेत?”

“नेम आहे.”

भंगारवाल्याने घड्याळ पाहिलं. “मग थांबतो. बायका गप्प बसून काही बोलत असल्या तर ऐकूनच जावं, असा माझा अनुभव आहे.”

यांनी चहा केला. तोवर मिस्त्रीही आले, उभे, पायांसकट. मला पाहताच त्यांनी भुवया उंचावल्या. मी नजर खाली वळवली. तो अर्धा तास चौघं जण चहा पीत माझ्या तोंडाकडे बघत होते. बंद पडलेल्या गाडीला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

नऊ वाजले.

“गाडीत दोष नाही,” मी म्हटलं. “टाकीच्या झाकणाचं भोक मी बुजवलं होतं. लांबी लावून. मामंजी म्हणायचे ना, वाससुद्धा...” मी वही उघडून ते पान पुढे केलं.

हे वाचत राहिले. मिस्त्रींनी झाकण घेतलं, उजेडाकडे धरून भोकातून माझ्याकडे पाहिलं. “सूं?”

“सूं,” मी म्हटलं.

“चार महिने!” हे म्हणाले. “चार महिने मी त्या बॉनेटमध्ये...” आणि मग थांबले, कारण त्यांना आठवलं असावं की आपण बॉनेटमध्ये नक्की काय करत होतो.

सासूबाईंनी वही ओढून घेतली. बोट ठेवत ठेवत वाचलं. मला वाटलं आता चार महिन्यांच्या खेपा, थोरलीच्या नेसलेल्या साड्या, सगळं निघणार.

“त्यांचं एवढं ऐकतेस,” त्या म्हणाल्या. “माझं एक तरी ऐकलंयस कधी? साधं मीठ कमी घाल म्हटलं तर नाही.”

“चुकले, सासूबाई.”

“चुकलीसच. आणि ते पण चुकले. एकतीस वर्षं मला म्हणत होते झाकण घट्ट लाव.” वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. “खूण पुसून टाक ती.”

भंगारवाला उठला. रिकाम्या हाताने जाणं धंद्याला बरं नाही म्हणाला, म्हणून सासूबाईंनी त्याला यांची व्यायामाची सायकल दिली. ती कधीच बंद पडली नव्हती. सुरूच झाली नव्हती.

रविवारी सातला मी आणि सासूबाई निघालो. हे दारात उभे होते, किल्ली मागितली नाही. सासूबाई पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी. आदल्या संध्याकाळी टाकी पुन्हा काठोकाठ भरली होती.

बसण्याआधी मी मागे जाऊन झाकण पाहिलं. हात लावताच मामंजी मागे येऊन उभे राहिले. मी झाकण लागेल इतपत फिरवलं आणि पुढचा अर्धा आटा पिळला नाही. पेट्रोलचा वास येत होता, अगदी थोडा. मी तो येऊ दिला.

आत बसले. सासूबाईंनी पिशवीतून माझी माळ काढली, स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाल्या, “तू रस्ता बघ. मी मोजते.” मग त्याही गप्प झाल्या. मी किल्ली फिरवली.