उंबऱ्याअलीकडे

नणंदेने बॅग पायरीवर टेकवली तशी तिने जाळीच्या दाराची कडी आतून लावली. कडेवर पाच महिन्यांचं बाळ होतं. त्याचं तोंड तिने आपल्या खांद्याकडे वळवलं.

“तिथेच थांब.”

“वहिनी, बोट चुकू नये म्हणून न जेवता पळत आलेय. पाणी तरी द्याल?”

“हॉस्टेलमध्ये निम्म्या मुली कांजिण्यांनी आडव्या पडल्यात, आणि तू खुशाल घरी निघून आलीस? मला काही होत नाही, माझ्या लहानपणीच झाल्यात. पण हे एवढंसं आहे.”

बोलताना तिने कपाळावरचे दोन खड्डे चाचपले. ते कांजिण्यांचे, असं आईने सांगितलेलं. ती स्वतः नणंदेच्याच कॉलेजच्या लायब्ररीत कामाला होती. बेटावरची मुलं कांजिण्या न येताच मोठी होतात आणि ऐन विशीत अंथरूण धरतात, म्हणून कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंनी दहा दिवसांपूर्वी सगळ्यांचं रक्त तपासायला घेतलं. तेव्हा फॉर्मवर तिने ‘झाल्या आहेत’ असं ठसठशीत लिहिलं होतं.

“माझंही घर आहे हे. दादा येऊ दे.”

“येऊ दे की. त्यालाही हेच ऐकवीन.”

“ऐकवालच. तुम्हाला निमित्तच हवं असतं.” नणंदेने दोन पाकिटं दाराखालून आत सरकवली. “रक्ताचे रिपोर्ट. तुमचाही दिलाय. आधी माझा वाचा, मग हाकला.”

तिने वाकून पहिलं पाकीट उचललं, दातांनी फोडलं. नणंदेला कांजिण्या कधीतरी होऊन गेल्या होत्या. रक्तात प्रतिकारशक्ती भरपूर होती.

“आता?”

 तिने आपलं पाकीट फोडलं. त्यातली ओळ तिने दोनदा वाचली. प्रतिकारशक्ती आढळली नाही.

सकाळपासून मानेवर घामोळं खाजत होतं. तिने तिथे बोट नेलं. पुळी फुटून बोट ओलं झालं. बाळ त्याच खांद्यावर गाल घासत होतं.

“आता काय नवीन खुसपट?” नणंदेने विचारलं.

कडी निघाली. श्वास रोखून, हात लांब करून तिने बाळ उंबऱ्यापलीकडे धरलं.

नणंद दोन पावलं मागे सरकली. “हात धुतले नाहीयेत मी.”

“असू दे,” ती म्हणाली. “घे लवकर.”