बेडूक अजून विहिरीतच आहे

मित्रांनो, मी एक जुना मातीचा गोळा आहे. खरं सांगायचं तर गोळा होतो. आता मी पंधरा-वीस तुकडे आणि चिमूटभर भुकटी आहे, आणि कपाटावर एका पत्र्याच्या डब्यात पडून आहे. वस्तू आपल्या रंगरूपाचा तोरा मिरवतात. मला धड रूपच नव्हतं, आणि मला त्याचाच अभिमान होता.

कुंभाराने मला खणून आणलं, चाळलं, भिजवलं आणि पायांनी मनसोक्त तुडवलं. माझे भाऊबंद चाकावर चढले, भट्टीत गेले आणि घागरी-कुंड्या होऊन लोकांच्या घरी नांदायला लागले. मी उरलो. उरलेल्याला कोण विचारतो? पण एक दिवस त्या चाकाची मोटर बंद पडली आणि ती बघायला कुंभाराच्या ओळखीचा एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आला. तो निघताना कुंभाराने मला त्याच्या हातात कोंबलं आणि म्हणाला, "घरी पोर आहे ना? खेळेल."

त्या माणसाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घरात तो, त्याची बायको आणि सहा वर्षांची एक मुलगी. तिचं पाळण्यातलं नाव मला ठाऊक नाही. साखर दिसली की ती हजर व्हायची, म्हणून बाबा तिला मुंगी म्हणायचे.

संध्याकाळी बाबा कामावरून आले की हात घासून धुवायचे. तरी नखांत वंगणाची काळी रेघ उरायचीच. मग जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरायचं, मधे मला ठेवायचं आणि गोष्ट सुरू व्हायची. पण ती सरळ पुढे जायची नाही. ऐन पेचाच्या जागी बाबा थांबायचे आणि म्हणायचे, "आता तू काहीतरी दे, त्याशिवाय माझी गाडी पुढे जायची नाही."

मग मुंगी मला थापायची, लांबवायची, चिमटे काढायची. ती जे करील त्यावरच पुढची गोष्ट चालायची. एकदा राजाला मुकुट हवा होता आणि तिच्या हातून झाली चप्पल. बाबांनी राजाच्या डोक्यावर चप्पल चढवली आणि त्याच्याकडून वीस वर्षं सुखाने राज्य करवलं. एकदा म्हातारीला नदी पार करायची होती, तर ती चमच्यात बसून गेली. आई पलीकडून ओरडायची, "अहो, निदान पोरीला होडी तरी नीट शिकवा!" आणि स्वतःच हसायची. गोष्ट संपली की बापलेक दोघं मिळून माझ्यावर मूठ मारायचे. झालो पुन्हा गोळा! मग बाबा मला ओल्या फडक्यात गुंडाळायचे. त्या दिवसांत मी किती सुखी होतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

मुंगीने एकदा रुसून गोष्टीच्या अधेमधेच मला चेचलं. तेव्हा बाबा खोटंखोटं घाबरून म्हणाले, "अगं अगं! गोष्ट पुरी व्हायच्या आधी मोडलंस? आता त्यातले सगळे तिथेच अडकले की कायमचे!" तो थट्टेचा बोल होता. मुंगीने तो गाठीला बांधला.

एका संध्याकाळी विहिरीतल्या बेडकाची गोष्ट चालली होती. त्याला वर येऊन एकदा चंद्र बघायचा होता. "पण वर येणार कसा?" बाबा थांबले. मुंगीने क्षणभर विचार केला आणि एक चौकोनी खोका केला. आत जाड ओठांचा बेडूक बसवला.

"हे काय गं?"

"लिफ्ट."

बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. इतक्यात फोन वाजला. कुठल्याशा दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे बंद पडली होती आणि आत माणसं होती. बाबा हत्यारांची पिशवी उचलत म्हणाले, "बेडकाला म्हणावं, जरा दम धर. आधी ती लिफ्ट सोडवतो, मग तुझी. आलोच."

ती लिफ्ट त्यांनी सोडवली. माणसं बाहेर आली, आणि बाबा तिथेच जिन्यात कोसळले. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता.

पोटात गोळा आला असं तुम्ही म्हणता. गोळ्याच्या पोटात काय येतं, ते मी त्या दिवसांत जाणलं. आई दवाखान्यात, मुंगी शेजारच्या मावशींकडे. मुंगी मला कुणाला हात लावू देईना. गोष्ट पुरी व्हायची होती ना! ओलं फडकंही टाकू देईना, कारण बेडकाचे ओठ चेपले असते. मावशी बिचाऱ्या चांगल्या मनाच्या. म्हणाल्या, "उन्हात ठेव बाळा, कडक होईल, मग मोडणार नाही." मी खिडकीत अडीच महिने वाळलो. मी ओरडत होतो, पण मातीचं कोण ऐकतं?

बाबा घरी आले तेव्हा त्यांचा उजवा हात लटकत होता आणि तोंडातून नुसता एक आवाज येत होता. डॉक्टर म्हणाले होते की त्यांना सगळं समजतं. मुंगीने धावत जाऊन मला त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. "बाबा, बेडूक वाट बघतोय. सांग ना."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला त्यांच्या मनातलं कळलं. जीभ गेली, पण एक हात होता, आणि मी होतो. आता गोष्ट ते बोटांनी सांगणार होते. त्यांनी नेहमीसारखा माझ्यावर अंगठा दाबला.

मी मऊ नव्हतो. माझा चुरा झाला.

"बाबा! बेडूक आत होता!" मुंगी किंचाळली. "तू मुद्दाम मोडलंस!" बाबांनी जोरजोरात मान हलवली, आवाज काढला. तो आवाज इतका मोठा होता की मुंगी घाबरून आईच्या मागे लपली. तिला वाटलं, बाबा रागावलेत.

मग बाबांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि पाण्याच्या तांब्याकडे दाखवलं.

मित्रांनो, भट्टीत न गेलेली माती कितीही वाळली तरी रात्रभर पाण्यात टाकली की पुन्हा लोण्यासारखी होते. बाबांना ते ठाऊक होतं. त्या घरात दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

आईने पेला भरून त्यांच्या ओठांना लावला. बाबांनी तोंड फिरवलं आणि पुन्हा बोट दाखवलं. "अहो, आत्ताच तर दिलं," आई म्हणाली आणि पुन्हा पेला भरला. असं कितीतरी दिवस चाललं. तिचंही काय चुकलं? ती दमून गेली होती. तिने माझे तुकडे फेकून दिले नाहीत, त्याच दिवशी डब्यात भरून कपाटावर ठेवले.

आता संध्याकाळी आई पुस्तकातून गोष्ट वाचते. मुंगी हात मांडीखाली दाबून ऐकते. आईने कागद, रंग, कात्री, सगळं आणून ठेवलंय. मुंगी त्याला शिवत नाही. ती बाबांची सेवा मात्र मनापासून करते. दर तासाला न मागता त्यांना पाणी पाजते, हनुवटी पुसते आणि लगेच दूर होते. त्यामुळे बाबांनी बोट दाखवणंच सोडून दिलंय.

माझ्याने आता काही होणार नाही. पण मुलांनो, तुम्ही तरी एवढं करा. गोष्ट ऐकताना हातांना काम द्या, आणि जे कराल ते मोडायला भिऊ नका. आणि घरातलं एखादं न बोलणारं माणूस पाण्याकडे बोट दाखवू लागलं, तर पेला भरण्याआधी त्याचे डोळे कुठे आहेत ते बघा. बाबांचे डोळे प्रत्येक वेळी कपाटावर होते.