साखरताई चुका का काढत नाहीत?

भुंग्याला भुंगा हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती पोखरून आरपार पाहिल्याशिवाय ही बया थांबायचीच नाही. आणि सध्या तिच्या डोक्यात एकच प्रश्न घोंघावत होता. साखरताई आईच्या चुका का काढत नाहीत?

साखरताई हे नावही भुंग्यानंच ठेवलेलं, अर्थात मनातल्या मनात. समोर आल्या की 'मावशी'. त्या आईच्या लाँड्रीत वरच्या ऑफिसात कामाला होत्या. लाँड्री म्हणजे गल्लीतलं इस्त्रीचं दुकान नव्हे! हॉटेलांच्या चादरी जिथे ट्रक भरभरून येतात आणि खोलीएवढाल्या मशिनांत गरागरा फिरतात, तो अख्खा कारखाना. आई तिथे घडी विभागाची सुपरवायझर होती.

घडी विभागाचं रडगाणं कायमचं. सगळ्या चादरी मेल्या पांढऱ्याफेक! हॉटेलचा शिक्का घडीच्या आत दडलेला. मग घाईत याच्या चादरी त्याच्याकडे जायच्या आणि दोघांच्याही शिव्या आईला. शेवटी आईनंच डोकं चालवलं. प्रत्येक हॉटेलला एक रंग द्यायचा आणि त्या रंगाच्या धाग्याचे टाके चादरीच्या चारही कोपऱ्यांत घालायचे. मशीन घडी कशीही घालो, एक कोपरा वर येतोच. लाल दिसला की इकडे, निळा दिसला की तिकडे. शिक्का शोधायची भानगडच नाही! पण हे सगळं अजून आईच्या डोक्यातच होतं.

आता कंपनी दुसरी लाँड्री उघडणार होती. तिथला प्रमुख कोण, हे सोमवारच्या मीटिंगनंतर ठरणार होतं. ज्याला काही सुधारणा सुचवायची असेल त्यानं मुख्य ऑफिसच्या साहेबांपुढे उभं राहून ती मांडायची, आणि तीही इंग्रजीत. इथेच तर घोडं अडलं होतं. मागच्या मीटिंगला आईनं तोंड उघडलं, शब्द घशात अडकले, कुणीतरी फिस्सकन हसलं आणि आई मटकन खाली बसली. त्या दिवशी घरी येऊन तिनं कपाटातले सगळे टॉवेल बाहेर काढले आणि पुन्हा घड्या घालत बसली.

तेव्हा न हसलेली एकच बाई म्हणजे साखरताई. "ताई, मी घेते ना तुमची प्रॅक्टिस! मी साहेब होते, तुम्ही प्रेझेंटेशन द्या," असं म्हणून त्या रोज संध्याकाळी घरी यायला लागल्या. आईला तर देवच पावला. बाबा म्हणाले, "फुकटात शिकवतायत, चांगलंच आहे की!"

भुंगा मात्र स्वयंपाकघराच्या दारात भांडी पुसायचं नाटक करत कान टवकारून उभी असायची.

कारण शिकवणं म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक होतं. गेल्या वर्षापर्यंत वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा जिचा आवाज चिरकायचा, तीच भुंगा यंदा शाळेच्या वादविवादात कप घेऊन आली होती. आणि तो काही असाच आला नव्हता. शाळेतल्या बाईंनी तिला वाक्यावाक्याला थांबवून पिळून काढलं होतं. "पुन्हा! गिळू नकोस! पुन्हा!"

आणि साखरताई? आई अडखळो, घसरो, तोंडावर पडो, या आपल्या मान डोलवत "व्हेरी गुड, ताई! गो ऑन!" म्हणायच्या. प्रश्न मात्र बरोब्बर विचारायच्या. धागा कुठला वापरणार? धुऊन रंग जाणार नाही ना? टाके कोण घालणार? शिवाय मोबाइल टेबलावर ठेवून सगळं रेकॉर्ड करायच्या. "म्हणजे तुमच्या चुका तुम्हालाच ऐकू येतील."

"मावशी, ते रेकॉर्डिंग पाठवणार होतात ना?" भुंग्यानं एकदा गोड आवाजात विचारलं.

"अगं हो! उद्या नक्की."

तो उद्या काही उगवला नाही.

शुक्रवारी भुंग्याला राहवेना. "आई, त्यांना तुझं इंग्रजी नकोय, त्यांना तुझे धागे हवेत. सोमवारच्या मीटिंगला त्यापण आहेत ना?"

"आहेत. म्हणून काय झालं? एक कप मिळाल्यापासून तुझं डोकं फिरलंय. जी हसली नाही, तिच्यावर संशय घेऊ?"

"बरं, मग परीक्षा घे. आज इंग्रजीची पार वाट लाव. उद्या धुतलं, काल धुणार, वाट्टेल ते बोल. आणि मध्येच धाग्याबद्दल एक गोष्ट चुकीची सांग. बघू त्या कशावर उडी मारतात! इंग्रजीवर मारली तर मी आठवडाभर भांडी घासते, कुरकुर न करता."

"कुरकुर न करता?" आईला हसू आलं. "लावली पैज. तुझंच तोंड बंद होईल एकदाचं."

संध्याकाळी साखरताई आल्या. चहा झाला, मोबाइल टेबलावर पडला, लाल ठिपका लुकलुकायला लागला. आई उभी राहिली.

"गुड मॉर्निंग सर. टुमॉरो वी वॉश्ड मेनी बेडशीट. यस्टरडे वी विल वॉश मोअर."

भुंग्यानं हसू दाबायला ओठ चावला. आता तरी! आता तरी काहीतरी म्हणतील!

"फँटॅस्टिक, ताई! गो ऑन."

आईच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं मावळलं. ती पुढे बोलायला लागली. "वी पुट कलर थ्रेड... इन द मिडल ऑफ द बेडशीट."

"मध्ये?" साखरताई ताडकन पुढे सरकल्या. इंग्रजीबिंग्रजी सगळं विसरल्या. "मध्ये कसं चालेल? कोपऱ्यात ना, ताई? चारही कोपऱ्यांत! काल तर तुम्ही—"

आणि त्यांनी जीभ चावली.

 आईनं टेबलावरचा हातरुमाल उचलला आणि त्याची घडी घालायला लागली. कोपऱ्याला कोपरा जुळवून, अगदी सावकाश. भुंग्याला पैज जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण आईचे हात बघून तिनं नजर हातातल्या ताटाकडे वळवली.

"बरोबर, कोपऱ्यातच," आई म्हणाली. "मॅडम, आज उलट करू या. मी साहेब होते. तुम्ही मांडून दाखवा, म्हणजे मला कळेल कसं बोलायचं ते."

"अय्या, मी कशाला?"

"दाखवा हो. तुमचं इंग्रजी काय गोड आहे!"

तेवढी साखर पुरली. साखरताई उठल्या, ओढणी सारखी केली आणि नळ सोडावा तशा सुरू झाल्या. हातवारे काय, नेमक्या जागी थांबणं काय! पहिल्यांदा 'आवर टीम' म्हणाल्या. रंगात आल्यावर 'माय प्रपोजल' झालं. धाग्याची किंमत, टाक्यांची वेळ, सगळं तोंडपाठ, कुठे म्हणून अडखळणं नाही. हे काही आत्ता सुचलेलं नव्हतं. हे घोटून घोटून केलेलं पाठांतर होतं, आणि भुंग्याला पाठांतर ओळखू येत नसेल तर कुणाला येणार?

"एनी क्वेश्चन्स?" साखरताई म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं. त्यांचा हात हळूच मोबाइलकडे गेला.

आईनं स्वतःचा मोबाइल उचलला आणि तिथेच, त्यांच्यासमोरच, लाँड्रीच्या मॅनेजरसाहेबांना फोन लावला. भुंग्यानं हातातलं ताट घट्ट धरलं. आईचा आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता.

"सर, मंडे मीटिंग. कलर थ्रेड इज माय आयडिया. आय टेल इट. प्लीज राइट माय नेम."

पलीकडून काहीतरी ऐकू आलं. आई दोनदा "येस सर" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

"पहिला नंबर माझा लावलाय," ती म्हणाली.

साखरताईंनी पर्स काखेत मारली. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून की काय, कोण जाणे, त्या पुटपुटल्या, "आय विल टेल इट... असं म्हणायचं असतं, ताई."

"थँक यू, मॅडम," आई म्हणाली. "ही तुम्ही काढलेली पहिली चूक. आता तेवढी सगळी रेकॉर्डिंगं माझ्यासमोर पुसा, आणि मग या."

दार लागलं तशी आई खुर्चीत कोसळली. भुंगा धावत जाऊन तिला चिकटली.

"भांडी तरीपण तूच घास," आई तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाली.

"का म्हणून? पैज मी जिंकले!"

"मग चल, आता तू साहेब हो. पण एकही चूक सोडायची नाही हं."

भुंगा टुणकन खुर्चीवर चढून बसली, बाबांचा चष्मा नाकावर अडकवला. आई समोर उभी राहिली, घसा खाकरला. "गुड मॉर्निंग स—"

"थांब! गिळू नकोस! पुन्हा!"

हातरुमाल घडीसकट भुंग्याच्या तोंडावर येऊन आदळला.