विहिणीचा अंगठा

भिलाई-3 च्या गिरजाबाईची मान आठवडाभर आखडलेली होती. लगीनसराईचे ब्लाउज शिवता शिवता उजव्या खांद्यापासून कानामागपर्यंत अशी काही ताठली, की कोणी हाक मारली तर बाईला अख्खं अंग फिरवावं लागे. पोरीनं, दीक्षानं, सासरहून फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "रविवारी रिसालीले ये, आई. मी दाबून देते."

लग्नानंतर दीक्षानं हुडको कॉलनीतल्या एका बाईकडे अ‍ॅक्युप्रेशरचा क्लास केला होता. तेव्हा गिरजाबाई हसली होती, "अंगठ्यानं का दुखणं जाते?" पण आता दुखणं तिचं होतं. रविवारी सकाळीच ती ऑटोत बसली.

दार उघडंच होतं. खुर्चीवर विहीण, आम्रपालीबाई, डोळे मिटून बसलेली. मागं दीक्षा उभी. दोन्ही अंगठे विहिणीच्या कवटीखालच्या खळग्यांत रोवलेले.

"आई, श्वास हळू सोडा. हलकं वाटून राहिलं का?"

गिरजाबाई उंबऱ्यातच थांबली. सासूला आई म्हण, असं पोरीला तिनंच शिकवून पाठवलं होतं. पण इतकं मऊ? माहेरी हीच पोरगी बोलायची तर भांडी आपटल्यासारखी.

"जय भीम, विहीणबाई! या ना!" आम्रपालीबाईनं डोळे उघडले.

"जय भीम."

"बस आई, आता तुझा नंबर," दीक्षा म्हणाली.

नंबर! सख्ख्या आईचा दुसरा नंबर!

"मले काही नाही झालं. कालच मोकळी झाली मान."

"मंग अशी कावून पाहून राहिली, पुतळ्यासारखी?"

"अशीच पाहते मी."

जेवताना विहिणीची टकळी सुरूच. माझ्या सुनेच्या हाताले गुण आहे, माझी सून अशी, माझी सून तशी. गिरजाबाई नुसता भात कालवत राहिली. ज्या बोटांना तिनं सुईत दोरा ओवायला शिकवलं, ती बोटं आता रोज दुसरीच्या मानेवर फिरत होती, आणि ती दुसरी वर मिरवत होती. भाजीचं भांडं घ्यायला ती वळली, हात खांद्यावर गेला आणि तोंडून "आई गं" निघून गेलं. दीक्षानं मान वर केली. गिरजाबाई म्हणाली, "तिखट लागलं."

दुपारी दीक्षा मासळी आणायला बाजारात गेली. आम्रपालीबाई न विचारता गिरजाबाईच्या मागं येऊन बसली.

"राहू द्या, विहीणबाई."

"गप बसा. तिखटानं कोणी खांदा धरत नाही."

तिनं आधी गिरजाबाईचा हात ओढला आणि अंगठा व तर्जनीच्या मधल्या मांसल जागी दाबलं. मग खांद्यावर, मान आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये. गिरजाबाई कळवळली.

"दुखते तीच जागा. श्वास सोडा."

"तुमाले कोणं शिकवलं?"

"तुमच्या पोरीनं. शिवता शिवता तुमची मान धरते म्हणून क्लास तिनं तुमच्यासाठीच लावला होता. तुम्ही हसल्या, मंग माझ्यावर हात बसवला. मी आपली फुकटची मान."

विहिणीचे अंगठे खळग्यांत शिरले. दाब वाढला, थांबला, सुटला. हळूहळू आतली गाठ ढिली पडली. तिनं भीत भीत मान उजवीकडे वळवली. वळली! डावीकडेही वळली. विहिणीच्या हातून बरं वाटावं, याचा तिला रागच आला. आता त्या अंगठ्याला नावं तरी कशी ठेवायची?

फाटक वाजलं. दीक्षा पिशवी ओट्यावर ठेवून, हात धुऊन आली.

"दाबलं वाटते सासूबाईनं? मोकळं झालं?"

गिरजाबाईनं पटकन मान ताठ केली.

"कुठं? जशीच्या तशी आहे. तू पाहतं का जरा?"

आम्रपालीबाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं. तोंडाला पदर लावून ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

पोरीचे अजून ओले, गार अंगठे मानेवर टेकले. "आई, श्वास हळू सोड," दीक्षा म्हणाली.

आवाज तितकाच मऊ होता. गिरजाबाईनं नीट कान देऊन ऐकला, आणि मग श्वास सोडला.