बूमचा कमी पडलेला तुकडा

माझ्या धाकट्या जावेला कालवं वाढवायचं भारी वेड. खाडीत आतल्या बाजूला दोर बांधून तिनं दोन वर्षं त्यांना लेकरांसारखं जपलं होतं आणि आता कुठं पहिला माल निघायचा होता. मला विचाराल तर कालव म्हणजे शिंपल्यातला शेंबूड. हे मी तिला तोंडावर सांगायची. ती हसायची आणि म्हणायची, "ताई, एक दिवस मागून खाल!"

त्या दिवशी सकाळी धक्क्यावर जहाजात तेल भरताना पाइप फाटला. काळंकुट्ट तेल पाण्यावर पसरलं आणि नेमकी भरती सुरू झाली होती. म्हणजे पाणी खाडीत शिरणार आणि त्याच्याबरोबर तेलही. ते अडवायचं काम माझ्या टोळीचं. त्यासाठी आमच्याकडे बूम असते. पाण्यावर तरंगणारी लांबलचक पिवळी नळी, तिला खाली जाड कापडाची झालर आणि झालरीला तळाशी साखळी. तुकड्याला तुकडा जोडून लागेल तेवढी लांब करायची.

आमची बोट चालवतो माझा दीर. घरी भाऊजी, पाण्यावर माझ्या हाताखाली. तर भाऊजींनी काय करावं? खाडीच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत बूम सरळ आडवी ताणली, दार लावून घेतल्यासारखी.

"अहो भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे का?" मी काठावरून ओरडले. "आडवी लावलीत तर भरतीचा जोर तेल झालरीखालून आत ढकलेल! तिरकी लावा. तेल तिच्या कडेकडेनं घसरत काठावरच्या त्या उतारापाशी जाईल, तिथं पाणी संथ आहे. पंप लावून उपसता येईल."

"कळतंय हो वहिनी!"

"मग करा की!"

"तिरकी पुरत नाहीये. एक तुकडा कमी आहे."

"कमी? मागच्या सरावाला तर पुरून उरली होती!"

भाऊजींनी मान खाली घातली. "तो... हिनं मागितला होता. वाहून आलेला कचरा दोरांना अडकतो म्हणाली. मी म्हटलं, गोदामात नुसता पडूनच तर आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणीबाणीची बूम, आणि या पठ्ठ्यानं बायकोला कुंपण करून दिलं होतं!

"छान! आता त्याच कालवांना तेल पाजा," मी म्हणाले. पण त्यांचा पडलेला चेहरा पाहिला आणि मलाच वाईट वाटलं. मी जावेला फोन लावला.

"सोडवतेच आहे ताई!" पलीकडून ती धापा टाकत बोलली. "धक्क्यावरची आरडाओरड इथपर्यंत ऐकू आली."

थोड्याच वेळात वळणावर तिची छोटी होडी दिसली. इंजिन खोकत होतं, समोरून भरतीचं पाणी ढकलत होतं आणि मागं तो पिवळा तुकडा फरफटत येत होता. सांधा जोडेपर्यंत मी दोघांनाही मनसोक्त झापलं. माझे हात आणि तोंड एकदमच चालतात. भाऊजींनी बूम तिरकी ओढली. तेल आलं, तिला टेकलं आणि मुकाट्यानं कडेकडेनं उताराकडे निघालं. पंप सुरू झाला तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

पण बूम तिरकी होईपर्यंत थोडा तवंग आत निसटला होता. जावेनं तो पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती मला होडीतून दोरांपाशी घेऊन गेली. तिनं एक दोर वर ओढला आणि एक कालव उघडलं. ते तिनं माझ्यापुढं धरलं.

"तुम्हीच सांगा ताई. तेलाचा वास तुमच्याइतका कुणालाच कळत नाही. मला धीर होत नाहीये."

खरं होतं ते. बादलीभर पाण्यात थेंबभर तेल असलं तरी माझ्या नाकाला कळतं. भाऊजी लांब काठावर उभे होते, निकाल लागायची वाट बघत. मी डोळे घट्ट मिटले, हुंगलं, चावलं आणि गिळलं.

"शी! शेंबूडच आहे," मी म्हणाले. "पण चोख, खारट शेंबूड. तेलाचा टिपूसही नाही."

जाऊ होडीत मटकन बसली आणि हसता हसता रडायला लागली. भाऊजी उथळ पाण्यातून धावत आले. मी तोंड पुसलं आणि हात पुढं केला.

"एकानं काय खात्री होते? आण, अजून एक दे."